गाडीचे खांदे

१७ मे १९७२, बुधवार

रंग वाळला! बोट लावून पाहिलं, ठसा उमटला नाही. क्रीम रंग, दोन हात. राधाकृष्ण पेंटर शेवगावात दुकानांच्या पाट्या आणि ट्रकमागची फुलं रंगवतो, पण हात साफ आहे. जुनी अँबॅसडर अशी दिसायला लागली की मीच दोनदा वळून पाहिलं.

निघताना म्हणाला, "कानिफनाथराव, रंग म्या दिला. आता ऊन तुमचं. उघडी ठिवली तर वर्साच्या आत खडू हुईल. हात फिरवला की हात पांढरा. सावलीत ठिवा."

सावली! पंधरा वर्षं मिलिटरीत ट्रक हाकले. पठाणकोटचं ऊन खाल्लं, जैसलमेरची वाळू खाल्ली. तिथे गाडीला मातकट हिरवा रंग, चकाकली तर उलट शिव्या. रंग सांभाळावा लागतो हे पेन्शनीत शिकतो आहे.

गाडी दारात लावली, हॉर्न दिला. बायको, मनकर्णा, बाहेर आली. पदराने दाराची मूठ पुसली, म्हणाली, "ब्येस हाय." तात्या गोठ्याच्या दारात बसले होते, माझ्याकडे पाठ करून. रिकाम्या गोठ्याच्या!

१८ मे

एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मागच्या महिन्यात हरण्या आणि खंड्या घोडेगावच्या बाजारात विकले. मी विकले. तात्यांना सांगितलं — विचारलं नाही. गेल्या साली पाऊस धड झाला नाही, कडबा संपत आलेला, बैल जगवायचे कशावर? हे खरं. गाडीला माझी शिल्लक थोडी कमी पडत होती, हेही खरं. माझा बाप फक्त दुसरं खरं धरून बसला आहे.

त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. सगळे निरोप मनकर्णेच्या हाती. "त्याला म्हनावं, पानी तापलंय." आणि मी तीन हातांवर बसलेला!

बोलू नका. मला सवय आहे. पंधरा वर्षांत बापाचं एक कार्ड आलं नाही मला. लिहिता येत नाही, मान्य. लिहवून घेता येतं. दरसाल पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ मात्र चुकला नाही. सुट्टीवर आलो की कौतुकाने दाखवायचे — बघ, खंड्या किती भरलाय. मी किती वाळलो ते कोणी बघितलं नाही.

२४ मे

नगरहून मेणाचं पॉलिश आणलं. चपटा डबा. दुकानदार म्हणाला, पातळ हात द्या, ऊन रंगाला शिवणार नाही. घरी येऊन उघडला तर मेणाचं तेल झालेलं! दिलं तसंच. चमकली, खोटं कशाला बोलू. लग्नातल्यासारखी चमकली.

दुपारी वावटळ आली. सगळी धूळ पॉलिशला चिकटली, गाडी पिठात घोळल्यासारखी झाली. फडकं मारलं तर ओरखडे, बारीक बारीक, उन्हात बघितले की कोळ्याचं जाळं. पॉलिश दिलं नसतं तर बरी राहिली असती.

१ जून

ताडपत्रीने झाकली. वारा आत शिरतो, ताडपत्री फडफडते, खालचे खडे दिवसभर रंग घासतात. काढली तर टपावर दोन ठिकाणी आतला जुना रंग दिसायला लागलेला.

शेजारच्या लंकाकाकी भिंतीवरून म्हणाल्या, "कानिफा, शेनानं सारव की रं! घर न्हाई का गार ऱ्हात?" वर खो खो हसल्या. सगळ्या आळीत त्यांची एकटीची गाय अजून दूध देते, त्यामुळे त्यांना हसू परवडतं.

९ जून

प्लॅस्टिकचा मोठा कागद आणला. दोन दिवस ठेवला. आत घाम सुटला आणि टपाला फोड आले! भाजल्यासारखे, तांदळाच्या दाण्याएवढे. राधाकृष्णला दाखवायला नेली. तो कपाळाला हात लावून म्हणतो, "गाडी हाय का लोनचं? बरणीत काय घातली?"

पाऊस नाही.

१८ जून, रविवार

आज धीर करून गोठ्याचं बोललो.

सरळ गोष्ट आहे. आमच्या घरात सावलीची जागा एकच, गोठा. दगडी भिंती, लाकडी खांबांवर तोललेलं माळवद, आत मे महिन्यातही गार. आता तिथे शेपूटही नाही. अंगणाकडचं दार अरुंद, हे मला दिसतं. पण मागची भिंत, शेताकडची, ती पाडली की गाडी सरळ आत जाते.

मनकर्णेला म्हणालो, तात्यांना विचार. ती मध्ये, ते तिकडे, मी इकडे. तिघं एकाच ओट्यावर!

तात्या तिला म्हणाले, "दार चार फुटाचं हाय म्हनावं."

मी तिला म्हणालो, भिंत पाडू.

तात्या म्हणाले, "भित माझ्या बापानं रचलीय म्हनावं. चिरा अन् चिरा डोक्यावर वाहिलाय. तितं बैल बांदत्यात."

"बैल कुठायत?" मी थेटच ओरडलो.

ते उठले. गोठ्याचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. झालं. उत्तर मिळालं.

आजपासून त्या गोठ्याकडे मी मान वळवणार नाही. पायही ठेवणार नाही. आत सोनं पुरलेलं असलं तरी.

१९ जून

गाडी उन्हात. बाप कुलपाला पाठ लावून.

६ जुलै

आषाढ तोंडावर आला आणि ढेकळं फुटलेली नाहीत. आभाळ धुतल्यासारखं साफ. दारातला लिंब होता, त्याच्याखाली लावली असती, पण शेळ्यांसाठी लोकांनी फांदी फांदी उतरवली. मीही नाही म्हणालो नाही. आता नुसतं खोड उभं आहे.

म्हणून आज चार मेढी रोवल्या आणि वर जुना कडबा टाकून मांडव केला. कडबा कसला, काळा पडलेला, कुजका. तरी आळीतले लोक येऊन बघून गेले. सगळे वर कडब्याकडे बघत होते. एक जण जाता जाता म्हणाला, "जनावराला न्हाई अन् मोटारीला मांडव."

७ जुलै

मांडव खाल्ला. सकाळी गाडी घेऊन शेवगावला गेलो होतो, परत येईतो चार मेढी आणि वर आभाळ! कोणाच्या गोठ्यात गेला ते मला ठाऊक आहे. सगळ्यांच्याच. तक्रार कोणाकडे करू? आणि कोणत्या तोंडाने?

तात्या ओट्यावर होते, जागचे हलले नसणार. मनकर्णेला विचारलं, तर म्हणाली, "मामंजींनीच सोडून दिला पेंड्या पेंड्या. म्हनले, जनावराच्या तोंडचं हाय."

माझाच कडबा, माझ्याच दारातून, माझ्याच बापाने वाटला.

२३ जुलै

बॉनेटवरून हात फिरवला. हात पांढरा. राधाकृष्णने वर्ष म्हटलं होतं, दोन महिन्यांत खडू!

पण आज एक चांगलं. चुलतभाऊ सूर्यभान नगरला कचेरीत शिपाई आहे, तो आला होता. म्हणाला, दुष्काळी कामं सुरू होणार, साहेबाला कामांवर हिंडायला गाडी पाहिजे, ड्रायव्हरसकट, महिन्याच्या बोलीवर. मिलिटरीचा ड्रायव्हर म्हटल्यावर साहेब खूश झाला. "पर दादा, सायेब लई टापटिपीचा. मळकी गाडी त्याला चालायची न्हाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी हिकडं दौऱ्यावर येतोय, तवा बगंल अन् तितंच सांगंल."

हे जमलं तर वर्ष निभावतं. नाही जमलं तर पेन्शनवर तिघांची निम्मी भाकरी, आणि बाकी निम्मीसाठी खडी फोडायला जायचं. मनकर्णेने आणि मी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ८ सप्टेंबर. तोपर्यंत हा रंग मला सांभाळायचा आहे. बाकी काही नाही.

१५ ऑगस्ट

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं. शाळेत झेंड्याला सलाम ठोकला, मुलांना साखर वाटली. परत येताना पाहिलं तर तात्या लंकाकाकींच्या अंगणात लाकडं फोडत होते. सत्तरीचा माणूस! आपल्या घरात काय कमी आहे? मनकर्णा म्हणाली, रोज जातात. मग बरोबर. पोराने बैल विकले, आता बापाला दुसऱ्याच्या दारात राबावं लागतं, हे गावाला दिसलं पाहिजे ना!

२६ ऑगस्ट

दोन गोष्टी.

गोठ्यात दिवसभर ठोकाठोकी. मी गाडी घेऊन बाहेर गेलो की सुरू होते, आलो की बंद. बैल नाहीत आणि खुंट्या कशाला ठोकता? मनकर्णेला विचारलं, तिने पीठ मळता मळता मान फिरवली. "मला काय म्हाईत."

दुसरी — आज अंघोळ करून बाहेर आलो तर तात्या गाडीजवळ. पहिल्यांदा! हातात दोरी. गाडीच्या तोंडापुढे उभे, दोरी दोन हातांत ताणलेली. मी दिसलो तशी दोरी गुंडाळली आणि गेले. सवयच ती. दिसेल त्याला दावं लावायचं.

३१ ऑगस्ट

राधाकृष्णला घरी आणलं. विचारलं, वरून पारदर्शक वार्निशचा हात दिला तर? म्हणाला, "ह्या उन्हात वार्निस पिवळं पडतंय. म्हातारपनी डोळं पडत्यात तसं." मग बॉनेट आणि चारी मडगार्डं घासून पुन्हा तोच क्रीम रंग मारला. बाकीची चालून जाईल म्हणतो. साहेब समोरून बघणार.

"रंग कच्चा हाय. आठ दिवस पानी न्हाई, त्याल न्हाई, फडकं न्हाई. कुनाला हात लावू देऊ नगा."

कोण लावतो हात? माझ्या गाडीकडे ह्या घरात बघतं कोण!

६ सप्टेंबर, बुधवार

उद्या पोळा. यंदा कसला पोळा. आळीत तीन घरी बैल उरले, बाकीच्यांनी मातीचे आणले. आज संध्याकाळी खांदेमळणी. जू वाहून वाहून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडतात, ते खांदे लोणी-हळदीने चोळायचे आणि दुसऱ्या दिवसाचं आवतण द्यायचं. तात्या लहानपणी माझा हात धरून हरण्याच्या आजोबाच्या खांद्यावरून फिरवायचे. जाऊ दे.

गाडी घरीच ठेवून एस.टी.ने शेवगावला चाललो. सूर्यभान दौऱ्याच्या तयारीला तिथे आलाय, त्याची गाठ घेऊन परवाचं पक्कं करतो. मुक्काम तिथेच, सकाळी परत.

७ सप्टेंबर, पोळा

हाताचा रॉकेलचा वास जात नाही. तरी लिहितो.

सकाळी एस.टी.तून उतरलो. लांबूनच गाडी पिवळी दिसली. वाटलं, ऊन पडलंय. जवळ गेलो.

हळद! लोणी आणि हळद! बॉनेटवर, पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, मागच्या दोन्हींवर, थापून थापून चोळलेली. कच्च्या रंगात मुरलेली. वर रातभरची धूळ बसलेली. बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते, आणि ती बोटं मला ओळखू येतात.

माझं डोकं फिरलं. बैल विकलेस ना, घे, ही तुझ्या बैलाची खांदेमळणी! गावभर हसू करायचं आणि उद्या साहेबासमोर माझं नाक कापायचं. एवढं बरोबर नेमलं होतं म्हाताऱ्याने! दिवससुद्धा!

घरात शिरलो, चुलीवरचं कढत पाणी उचललं, धुण्याचा सोडा मूठभर टाकला. मनकर्णा मागून पळत आली. "अवो, सोडा नगा लावू! हळदीला सोडा नगा —" तोवर मी ओतलं होतं.

लाल झालं. डोळ्यांदेखत. बॉनेटवरून कुंकवासारखे ओघळ, दिव्यांवरून खाली. मी अजून घासलं तर अजून लाल. मग रॉकेल, मग विटेचा चुरा. नवा रंग सुटून फडक्याबरोबर यायला लागला. पुढचा सगळा भाग झाला. मागचं डावं मडगार्ड राहिलं. ताकदच संपली.

तात्या ओट्यावर उभे होते. धुतलेलं धोतर, नवा पटका. हातात ताट — पुरणाची पोळी, वर तुपाचा थेंब. गाडीकडे बघत होते, मग माझ्याकडे. तोंड उघडलं होतं, काही बोलणार असल्यासारखं.

मी बोलू दिलं नाही. सगळ्या आळीसमोर ओरडलो, "बैलांबरोबर तुमालाबी घोडेगावच्या बाजारात उभं करायला पायजे हुतं!"

मिलिटरीतली सगळी भाषा एका बाजूला गेली. बापाच्या बोलीत बोललो, बापालाच.

त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं. काठी घेतली. करगोट्याचं काहीतरी सोडून मनकर्णेच्या हातात दिलं. वेशीकडे चालायला लागले. कोणी अडवलं नाही. मीही नाही.

८ सप्टेंबर

साहेब आला. गाडीला एक चक्कर मारली. चांगला माणूस, हसला नाही. म्हणाला, "हवालदार, गाडीला अपघात झाला का?" मी म्हणालो, होय सर. सूर्यभान मान खाली घालून उभा.

दुसरी गाडी बघतो म्हणाला.

९ सप्टेंबर

तात्या आले नाहीत. येतील. जातील कुठे.

११ सप्टेंबर

मनकर्णा माझ्याशी बोलत नाही. हे घरच असं आहे, एकाने सोडलं की दुसरा धरतो! भाकरी ताटात टाकते आणि जाते. आज मात्र भांडी घासता घासता बोलली, माझ्याकडे न बघता.

"ते मागचं चाक बगा. तुमी घासायचं इसरला ते."

गेलो. मागचं डावं मडगार्ड. हळद नाही! डागसुद्धा नाही. वर धुळीचा तुपकट थर होता, तो फडक्याने नुसता पुसला तर खाली क्रीम रंग जसाच्या तसा. हात फिरवला, हात पांढरा झाला नाही.

"हळद उनानं उडती," ती म्हणाली. "लुगड्याला लागली का आमी उनात टाकतो. दोन दिस दम धरला असता, तर उन्हानंच नेली असती. म्या सांगत हुते. तुमी आयकलंय कवा कुनाचं?"

चार महिने ह्या उन्हापासून गाडी लपवत फिरलो. ज्या एका दिवशी ते कामाचं होतं, त्या दिवशी मी सोडा घेऊन धावलो. मूर्ख. पण म्हणून काय हळद फासणाऱ्याचं पुण्य झालं? ती फासलीच कशाला?

१४ सप्टेंबर

कशाला ते आज कळलं. कळलं नसतं तर बरं होतं.

लंकाकाकी भिंतीपलीकडून बोलत होत्या. आज हसत नव्हत्या. "तुझा बाप म्हैनाभर माझी लाकडं फोडत हुता. म्या म्हनलं, सादेवभाऊ, काय देऊ? तर म्हनला, पोळ्याच्या टायमाला वाटीभर लोनी दे. ह्या दुष्काळात लोनी, कानिफा! म्या सायीसायीनं साठवलं. मला वाटलं, कुनाच्या बैलाला लावायचं आसंल."

मी भिंतीजवळ सरकलो.

"आन् मग मलाच इचारलं त्यानं. म्हनला, वैनी, मोटारीचं खांदं कुठं आसत्यात गं? म्या म्हनलं, मला काय ठावं! तर सोताच चौफेर हिंडला. हात लावून लावून बगितलं. म्हनला, वझं हितं यीत आसंल, चाकावर. हितंच चोळतो. ऊन लई खाल्लंय तिनं, कातडं फुटलंय."

कातडं फुटलंय.

"कानात बोलला की तिच्या. आवतन दिलं. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाया या.'" लंकाकाकींनी डोळे पुसले. "मोटारीला म्हनत हुता का तुला, काय ठावं."

माझ्या गाडीला कान नाहीत. आरसा आहे, उजव्या अंगाला. त्या आरशावर हळदीचा एक ठिपका होता, तो मी पहिल्यांदा घासला होता.

१६ सप्टेंबर, शनिवार

सूर्यभानचा निरोप आला. तात्या शेवगावच्या वाटेवर दुष्काळी कामावर आहेत. हजेरीपटावर नाव — सहादेव. खडी फोडतात.

गाडी काढली. पुढून लाल, मागून क्रीम. वाटेत माणसं थांबून बघत होती, बघू देत. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि ढिगांमागे माणसं. सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. बाप ओळखायला वेळ लागला. नवा पटका तोच, पण रंग राहिलेला नाही. डोक्यावर सावलीला काही नाही. ढोपरांना फडकी बांधलेली.

म्हणालो, "तात्या, घरी चला."

हातोडा थांबला नाही.

"तात्या, मला ठाऊक नव्हतं."

एक दगड फुटला. दुसरा घेतला. माझ्याकडे नाही, गाडीकडे बघितलं. लाल ओघळांवर नजर फिरवली, बॉनेटपासून चाकापर्यंत, जखम बघतात तशी. मग बोलले. मनकर्णा मध्ये नव्हती, तर थेट माझ्याशीच बोलावं लागलं. एप्रिलपासूनचे पहिले शब्द.

"किल्ली मनकर्णाकडं हाय. तिला उनात ठिऊ नगो."

आणि पुन्हा हातोडा. मुकादम ओरडला, गाडी हटवा, ट्रक यायचाय. मी हटवली. पुढे जाऊन बराच वेळ थांबलो. ते आले नाहीत.

१७ सप्टेंबर

मनकर्णेने किल्ली दिली. कुलूप काढलं, दार ढकललं. आत अंधार असणार म्हणून चौकटीला हात धरला.

आत उजेड होता.

मागची भिंत नव्हती. आज्याने रचलेली. चिरा अन् चिरा उतरवून बाजूला रचून ठेवला होता, एकही फुटलेला नाही. गव्हाण काढलेली. जमीन सारवलेली. शेताकडून आत चाकांसाठी सपाट दगडांच्या दोन ओळी. खुंटीला ती दोरी, दोन गाठी मारलेली. उंबऱ्याशी हळद-कुंकू.

मागून गाडी आत घेतली. दोन्ही अंगांना हात हात जागा उरली. माप बरोबर होतं.

दुपारी बाराचं ऊन. गाडी सावलीत आहे. तात्या आले नाहीत.

मी हातोडा घेऊन शेवगावच्या वाटेला, खडीवर निघालो आहे. चालत.